मिझुओरीत आधी काय घडलं?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या मोबाइलचे चार्जर ड्रॉवरमध्ये साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. मोबाइल कधीच गेलेला असतो, वायर मात्र राहते. माझ्याकडे अशा पुष्कळ वायरी आहेत आणि त्यातल्या निम्म्याअधिक एकाच घरातल्या, नाहूरच्या संदेशच्या.

आम्ही तिघं शाळेपासूनचे. संदेश मरोळला एका पॅकेजिंग कंपनीत. मिलिंद राहायला घाटकोपर, नोकरी पवईला, दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांची नावं-पत्ते भरायचे. आणि मी वैशाली, दातांची डॉक्टर, मुलुंड ईस्टला दोन खुर्च्यांचं क्लिनिक. दर रविवारी जेवण उरकून दुपारी संदेशकडे जमायचो. कशाला? तर एका जपानी भुताच्या गेमची संगती लावायला!

हसू नका. गेम असा, की डोंगरातलं मिझुओरी नावाचं गाव. धरण होणार, गाव पाण्याखाली जाणार. त्या गडबडीत किनू नावाची दहा वर्षांची मुलगी नाहीशी होते, तिची आईही, आणि पुढे पाण्यातून सगळं गावच उठून येतं. गेमचे पाच भाग. पण पहिल्या भागात गोष्टीचा शेवट, तिसऱ्यात सुरुवात आणि बाकीच्यांत मधलंच काहीतरी. आधी काय घडलं, नंतर काय घडलं, कुठेही सरळ सांगितलेलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर, वहीतली एखादी ओळ, अंगणातल्या झाडाची उंची, यावरून आपणच लावायचं. सहाव्या भागात सगळा उलगडा होणार होता.

सहावा भाग आलाच नाही. गेम करणारी चिमुकली कंपनीच बंद पडली.

"म्हणजे खरं उत्तर आता जगात कुणाकडेच नाही," मी म्हटलं.

"मग आपण लावू ना यार!" मिलिंद म्हणाला.

तीन वर्षं लागली. आज मला ती तीन वर्षं कुणी परत दिली, तर मी क्लिनिकला कुलूप लावून जाईन.

*

संदेशची आई, म्हणजे काकू, जेवणानंतर तासभर झोपायच्या. त्यांची अट एकच: "पाहिजे तेवढे घाबरा, पण आवाज नको."

आता भुताचा गेम खेळायचा आणि ओरडायचं नाही, हे कसं जमणार? संदेशने उपाय काढला. प्रत्येकाला एक उशी. भीती वाटली की उशीत तोंड खुपसायचं आणि आतल्या आत बोंबलायचं.

एकदा दुसऱ्या भागात आम्ही शाळेच्या वर्गात शिरलो आणि जमिनीच्या फळ्यांमधून ओले हात वर यायला लागले. तिघांनी एकदम उशा तोंडावर दाबल्या. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

तेवढ्यात काकूंना जाग आली. एवढी शांतता कशी, म्हणून त्या दारात आल्या. पडदे ओढलेले, टीव्हीवर हिरवट उजेड, आणि तीन माणसं तोंडावर उशा दाबून थरथरतायत!

काकू अशा किंचाळल्या, की चौथ्या मजल्यावरचे लोक खाली आले!

*

गेम सगळा जपानीत. सुरुवातीला आम्ही फोनचा कॅमेरा टीव्हीसमोर धरायचो आणि फोन जे मराठी करून देईल त्यावर विश्वास ठेवायचो.

किनूच्या वहीत एक पान होतं. फोन म्हणाला: "आज आईने मोठे डोके विहिरीत सोडले. संध्याकाळी सगळे मिळून खाऊ."

वाट लागली! म्हणजे आई खुनी? आणि खाऊ म्हणजे? संदेश तर पेटलाच. त्या दिवसापासून आई पडद्यावर दिसली की तो तिला शिव्या घालायचा. आम्ही सगळी संगती नव्याने मांडली. आधी खून, मग मुलगी पळाली, मग गावाने आईला बुडवलं. झकास बसत होतं सगळं.

मिलिंदला मात्र चैन नव्हतं. "एवढ्या मायेने वेणी घालते रे ती पोरीची," तो म्हणायचा. "असं कसं?" त्याने ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत जपानी लिपी गिरवायला घेतली. तीन आठवड्यांनी एका रविवारी तो दारातूनच ओरडला, "कलिंगड!"

"काय?"

"डोकं नाही रे, कलिंगड! गार व्हायला विहिरीत सोडतात. संध्याकाळी कापून खातात!"

संदेशने गेम लावला, ती बाई चुलीपुढे बसलेली असते तिथे नेला, आणि टीव्हीला म्हणाला, "सॉरी हां, वहिनी."

*

घटना लक्षात राहीनात, म्हणून आम्ही चिठ्ठ्या करायला लागलो. एक घटना, एक चिठ्ठी. हॉलमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती, तिच्यावर डावीकडून उजवीकडे चिठ्ठ्या लावायच्या, कपड्यांच्या चिमट्यांनी. डावं टोक म्हणजे किनूचा जन्म, उजवं टोक म्हणजे गावावर पाणी. नवा पुरावा सापडला की चिमटा काढायचा, चिठ्ठी सरकवायची.

महिनाभर काकूंनी सहन केलं. मग एका रविवारी आम्ही गेलो तर दोरीवर ओळीने टॉवेल, आणि आमच्या सत्तेचाळीस चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण लावून.

"काकू! क्रम!" मिलिंद रडकुंडीला आला.

"क्रम गेला खड्ड्यात," काकू म्हणाल्या. "त्या गावावर पाणी यायचंय ते येऊ दे. माझे कपडे वाळू देत आधी!"

*

जपानी लोक पूर्वी वर्षं राजाच्या गादीवरून मोजत, अजूनही मोजतात. नवा राजा बसला की पुन्हा एकपासून. आमच्या गेममध्ये शाळेचं हजेरीपुस्तक जुन्या राजाच्या पंधराव्या वर्षाच्या शेवटी थांबतं. आणि गाव खाली करायची नोटीस नव्या राजाच्या पहिल्या वर्षाची. मधल्या वर्षभरात किनूची आई कुठे होती, हा आमचा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

एका मंगळवारी मी क्लिनिकमध्ये एका गृहस्थांचं रूट कॅनाल करत होते आणि मिलिंदचा फोन आला. हात अडकलेले, म्हणून असिस्टंटने स्पीकरवर टाकला.

"वैशू, किनूची आई वर्षभर गायब नव्हतीच गं!" तो ओरडत होता. "जुना राजा डिसेंबरच्या शेवटी गेला! नव्याचं पहिलं वर्ष फक्त आठवड्याभराचं! पंधरावं आणि पहिलं म्हणजे एकच साल!"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात ड्रिल. तेवढ्यात खुर्चीतल्या गृहस्थांनी हात वर केला. दुखतंय वाटतं, म्हणून मी थांबले. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचारलं,

"पण मग तो आठवडाभर ती आई होती कुठे?"

*

ह्याचं उत्तर अण्णांनी दिलं. अण्णा म्हणजे संदेशचे बाबा. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बऱ्याच नोकऱ्या केल्या, पण त्यांतल्या कुठल्याच नोकरीबद्दल ते कधी बोलले नाहीत. आम्ही खेळायचो तेव्हा ते खिडकीपाशी पेपर घेऊन बसायचे. आमच्याकडे लक्ष नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या रविवारी आम्ही किनूच्या घरात हिंडत होतो. कोपऱ्यात एक हातमाग, त्यावर अर्धं विणलेलं कापड. शंभर वेळा तिथून गेलो असू.

"थांबव," अण्णा म्हणाले. "जरा मागे घे."

संदेशने मागे घेतलं. अण्णा चष्मा लावून टीव्हीच्या जवळ आले.

"धोटो बघ. मधीच ठेवलेलो हा." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. "जो माणूस कायमचो जाता, तो धोटो काढून बाजूक ठेवता. धागो कापता. ही बाय पाच मिनटांत येतंय म्हणान उठली हा. कोणीतरी हाक मारल्यान तिका."

म्हणजे आई पोरीला टाकून पळाली नव्हती. तिला कुणीतरी बोलावलं, ती उठली आणि परत येऊ शकली नाही. चौथा भाग दुसऱ्याच्या आधी गेला. काकूंनी रविवारपुरत्या सोडलेल्या दोरीवर सोळा चिठ्ठ्या सरकल्या.

तेव्हापासून अण्णा दर रविवारी, आम्ही गेम बंद केला की पेपरमागून किनूच्या आईबद्दल विचारायचे, "ती इली काय?"

"नाय अण्णा, अजून नाय," संदेश सांगायचा.

दोन वर्षांनी अण्णा आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. एका दुपारी संदेश उशाशी बसला होता. अण्णांनी डोळे उघडले आणि विचारलं, "ती इली काय?"

"इली, अण्णा," संदेश म्हणाला. "आताच इली."

अण्णांचे दिवस झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही जमलो. संदेशने एक चिठ्ठी लिहिली आणि दोरीच्या पार उजव्या टोकाला, पाण्याच्याही पुढे लावली. 'आई परत आली.' पुरावा काहीही नव्हता. आणि मिलिंद, जो पुराव्याशिवाय एक स्वल्पविरामसुद्धा लावू द्यायचा नाही, तो उठला, चिमटा सैल आहे का ते बघितलं, आणि आणखी एक चिमटा लावला.

*

मध्ये माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. बोरिवलीच्या मावशीने एक स्थळ आणलं. मुलगा, त्याचे आईवडील, काका असे चौघं आमच्याकडे आले. कांदेपोहे झाले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "क्लिनिक सोडून आणखी काय करतेस?"

आईने डोळे वटारले, पण मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, "जपानमध्ये एक गाव आहे, पाण्याखाली गेलेलं. तिथे कुठली घटना कधी घडली त्याचा आम्ही तिघं मिळून क्रम लावतो. रविवारी."

पोह्यांतला दाणा चावल्याचा आवाज ऐकू आला. वडिलांनी गंभीरपणे मान हलवली.

"छान," ते म्हणाले. "परमनंट आहे का?"

ते स्थळ काही जमलं नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवत होते. तेव्हा मी चटकन 'हो' म्हणून गेले होते.

*

मिलिंदचं जपानी एव्हाना बरंच पुढे गेलं होतं. कुणीतरी सांगितलं, की जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला माणसं हवी आहेत. डेटा एन्ट्रीला तो विटलाच होता. त्याने अर्ज केला.

मुलाखत व्हिडिओवर. समोर तीन जपानी माणसं. पण मिलिंदचं सगळं जपानी आमच्या गेममधलं! विहीर, शाप, बुडणे, 'मला सोडून जाऊ नकोस', हे सगळं त्याला येत होतं. 'स्टेशन कुठे आहे' येत नव्हतं. त्यात, गेममध्ये सगळ्यात जास्त बोलते ती देवळाजवळची एक म्हातारी. त्याचे उच्चार, हेल, सगळं तिच्यावरून उचललेलं.

त्याने आपली ओळख करून दिली. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "तुम्ही थेट माझ्या आजीसारखं बोलता. हल्ली असं कुणीच बोलत नाही."

"वाट लागली," असं मिलिंद मनात म्हणाला.

आणि त्याला घेतलं! का, तर तिथल्या म्हाताऱ्यांना हा मुलगा फार आवडेल म्हणून!

आम्ही नाहूरला पार्टी केली. संदेश सगळ्यात मोठ्याने हसत होता. मग भांडी विसळायला म्हणून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

*

मिलिंद आता तिकडे आहे. डोंगरातल्या एका लहानशा शहरात. दर रविवारी फोन करायचा असं ठरलं होतं. आधी दर रविवारी झाला, मग महिन्यातून एकदा. त्याची ड्यूटी, आमची कामं. संदेश लग्न करून मुलुंड वेस्टला गेला. नाहूरचं घर भाड्याने दिलंय. काकूंनी शिफ्टिंगच्या वेळी चिठ्ठ्या क्रमाने, नंबर घालून एका पाकिटात भरल्या. स्वतःहून! ते पाकीट माझ्याकडे आहे. मी अजून उघडलेलं नाही. उघडलं तर पुन्हा लावावंसं वाटेल, आणि माझ्याकडे दोरी बांधायला जागा आहे, पण दुसरं टोक धरायला कुणी नाही.

मागच्या फोनमध्ये मिलिंदने सांगितलं. त्यांच्याकडे एक नव्वदीच्या बाई आहेत. बऱ्याच गोष्टी विसरतात. याला रोज नव्याने विचारतात, "बाळा, तू कुठला?"

रोज 'इंडिया, मुंबई, घाटकोपर' सांगून याला कंटाळा आला. एक दिवस गमतीने म्हणाला, "मी मिझुओरीचा."

आमच्या गेमवाल्यांनी मनाने रचलेलं गाव! नकाशात शोधून सापडणार नाही.

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "अरेरे," त्या म्हणाल्या. "पाणी आलं तेव्हा तू कुठे होतास?"

*

आता एकच सांगते. हे खरं तर मिलिंद जायच्या आधीच्या रविवारचं. म्हणजे माझा क्रम चुकला. चुकू दे.

त्या दिवशी मिलिंद आपल्या वडिलांना घेऊन आला. कांबळे काका. साताऱ्याकडचे, तरुणपणीच मुंबईला आलेले, सरकारी प्रेसमधून रिटायर झालेले. शर्ट पँटमध्ये खोचलेला, खिशाला पेन. मुलगा तीन वर्षं रविवारी जातो कुठे, ते जाण्यापूर्वी एकदा बघू द्या, म्हणून आले होते. काकूंनी त्यांना अण्णांच्या खिडकीपाशी खुर्ची दिली. ते म्हणाले, इथून दिसत नाही, आणि आमच्याबरोबर खाली चटईवर बसले.

मिलिंदने त्यांना सगळं गाव दाखवलं. पाणी यायच्या आधीचं, तिसऱ्या भागातलं, उन्हातलं गाव. शाळा, देऊळ, विहीर, किनूचं घर. कुणाचं घर कधी रिकामं झालं, कुणी कुणाला शेवटचं कधी पाहिलं, चिठ्ठ्यांसकट. काका लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच "बरोबर" म्हणत होते.

"आता विहिरीवरून सरळ जा," काका म्हणाले.

मिलिंद सरळ गेला. म्हणजे पडद्यावरची किनू गेली.

"देवळामागून. ओढ्याकडे उतर."

किनू ओढ्याकडे उतरली. तिथे एक दगडी खांब आहे. त्याच्यापुढे रस्ता दिसतो, गवत दिसतं, वळण दिसतं.

"जा की पुढं."

"पुढे जाता येत नाही, बाबा. गाव इथे संपतं."

काका थोडे पुढे सरकले. "गाव इथं संपतं ते मला माहीत आहे रे," ते म्हणाले. "आमच्या गावात आमची घरं वेशीच्या पुढं होती."

मिलिंदने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा बरोबर बटणावर ठेवला. काकांनी ते दाबून धरलं. खांबापाशी किनूचे पाय हलायला लागले. ती जागच्या जागी चालत होती, आणि काकांनी बराच वेळ बटण सोडलं नाही.